नाकासमोरचं दिसेना

लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरमध्ये बघण्यासारखं पुष्कळ असतं. ढग असतात, सूर्यास्त असतो, विमानवाहू जहाजाच्या डेकवर उठणारी वाफ असते. जमिनीकडे रोखलेलं रडार मात्र या यादीत बसत नाही. पंज्याएवढ्या चौकोनी पडद्यावर हिरवट डाग पसरलेले, मध्येच काळे खड्डे, आणि त्यातून तेलाच्या टाक्या शोधायच्या. बहुतेक जण हे रडार एकदा चालू करून बघतात आणि विमानाखालच्या कॅमेऱ्याकडे परततात, कारण कॅमेऱ्यात टाकी टाकीसारखी दिसते. माझं उलट झालं. कॅमेऱ्याचा मला लवकर कंटाळा आला आणि रडारपाशी मी जो अडकलो तो अजून तिथेच आहे.

याला कारण माझी नोकरी. मी व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर होतो, त्यातला बराच काळ टँकरवर. ब्रिजवरच्या वॉचमध्ये रडार हाच सोबती. इराणच्या आखातात तेल भरायला जाताना होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडायची, भरून परत येताना पुन्हा ओलांडायची. अरुंद जागी ती जेमतेम 21 सागरी मैल, आणि त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांसाठी दोन-दोन मैलांच्या पट्ट्या आखून दिलेल्या. निवृत्त होऊन रत्नागिरीला स्थिरावल्यावर पुण्याचा भाचा एका सुट्टीत कॉम्प्युटर, जॉयस्टिक आणि थ्रॉटल असा सगळा संसार घेऊन आला. ‘डीसीएस वर्ल्ड’ नावाचा सिम्युलेटर त्याने सुरू केला आणि म्हणाला, “मामा, यात होर्मुझ आहे. बघ, तुला ओळखता येतंय का.”

सिम्युलेटर हा शब्द मला नवा नव्हता. जहाजावरच्या अधिकाऱ्याला रडारचा कोर्स सिम्युलेटरवरच करावा लागतो. अंधाऱ्या खोलीत खोटं जहाज, खोटं धुकं, चहूबाजूंनी अंगावर येणारे खोटे ठिपके, आणि मागे उभा राहून आपली प्रत्येक हालचाल वहीत टिपणारा खराखुरा परीक्षक. त्यामुळे “हा काय, गेम आहे” असं मी म्हणालो नाही. अमेरिकन नौदलाचं एफ/ए-18 सी हॉर्नेट हे विमान, त्यात एपीजी-73 हे रडार, आणि खाली आखाताचा नकाशा. एवढ्यावर मी बसलो.

बटणांबद्दल फार सांगत नाही. समोरच्या प्रत्येक पडद्याभोवती वीस बटणं असतात. हवेतून जमिनीवरच्या कामाची अवस्था निवडायची, रडारला हवेऐवजी पृष्ठभागाकडे वळवायचं, स्टिकवरचा एक स्विच उजवीकडे ढकलून कर्सरचा ताबा त्या पडद्याला द्यायचा, आणि थ्रॉटलवरच्या छोट्या गुंडीने कर्सर हलवायचा. हे बोटं शिकतात. डोक्याला त्यात विशेष काम नसतं. यूट्यूबवरचे शिकवणारे बहुतेक इथेच थांबतात, ही माझी त्यांच्याबद्दलची तक्रार आहे. कुठलं बटण दाबायचं हे ते उत्तम सांगतात. दाबल्यावर जे दिसतं ते तसं का दिसतं, हे कोणी सांगत नाही.

रडार वस्तू दाखवत नाही. परत आलेला प्रतिध्वनी दाखवतं. शांत पाण्यावर तिरपी पडलेली लहर पुढे निघून जाते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं. डोंगराचा आपल्याकडचा उतार लहर परत फेकतो, म्हणून तो उजळ. इमारतीची भिंत आणि जमीन यांचा काटकोन, लोखंडी टाक्या, क्रेन, कंटेनरच्या थप्प्या हे सगळं लखलखतं. धावपट्टी सपाट, म्हणून काळी पट्टी. पण भोवती वाळवंट असेल तर तेही सपाट, आणि मग काळ्यात काळी पट्टी शोधायची. जहाजावर असताना धावपट्टीशी माझा कधी संबंध आला नव्हता. बाकीचं सगळं ओळखीचं होतं.

मुसंदमचा किनारा पडद्यावर आला तेव्हा तो मी ओळखला, पण क्षणभराने. ओमानचं हे टोक म्हणजे समुद्रातून सरळ वर उठलेले चुनखडीचे कडे आणि त्यांच्यात आत घुसलेल्या खाड्या. जहाजावरून आम्हाला फक्त पहिला कडा दिसायचा, जाड उजळ रेघेसारखा. त्यामागे काय आहे ते रडारच्या दृष्टीने नव्हतंच. वीस हजार फुटांवरून त्याच कड्याच्या मागची खाडी, तिच्या पलीकडचा कडा आणि त्याच्याही मागची खाडी दिसत होती. अंगणात कंदील जमिनीवर ठेवला तर तुळशीवृंदावनाची सावली कुंपणापर्यंत जाते, आणि तोच उचलून धरला तर पायथ्याशी गोळा होते. इथे तोच प्रकार. आयुष्यभर मी कंदील खाली ठेवून बघत आलो होतो. उंचावरूनही काही सावल्या उरतातच. मुसंदममधल्याच खसबचा विमानतळ डोंगरांच्या कुशीत आहे. चुकीच्या बाजूने आलात तर तो सावलीत असतो, आणि कुठलंही बटण त्याला बाहेर काढत नाही.

गेन, म्हणजे प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा ते, लावण्याची सवय मात्र बदलावी लागली. जहाजावरचा नियम असा की पडद्यावर बारीक रवा जेमतेम दिसेल इतका गेन ठेवायचा, म्हणजे लहानातली लहान होडीसुद्धा निसटणार नाही. खसबहून इराणकडे सिगारेटी वगैरे घेऊन सुसाट जाणाऱ्या छोट्या बोटी ज्यांनी रात्री चुकवल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. विमानात याच्या उलट करायचं. एवढं उजळ शहर पसरलेलं असताना सगळं दिसून उपयोग नाही. गेन कमी करत न्यायचा, म्हणजे शहर विझत जातं आणि सगळ्यात कठीण प्रतिध्वनी तेवढे मागे राहतात. जहाजावर काही सुटू नये म्हणून बघायचं. इथे एक सोडून सगळं सुटावं म्हणून बघायचं.

आता मूळ अडचणीकडे येतो, कारण खरी गोडी तिच्यात आहे. रडारचा झोत किती अरुंद हे अँटेनाच्या रुंदीवर ठरतं. जहाजावरच्या तीन सेंटिमीटर लहरीच्या रडारला नऊ फुटी अँटेना असतो, त्याचा झोत एक अंशाहूनही अरुंद. विमानाच्या नाकात एवढा अँटेना मावत नाही. सत्तर सेंटिमीटरचा धरला तर त्याच लहरीचा झोत जवळजवळ तीन अंशांचा होतो. 40 सागरी मैलांवर तीन अंश म्हणजे दोन मैलांहून जास्त, चार किलोमीटरच्या आसपास. या पट्ट्यात शेजारी शेजारी असलेल्या दहा गोष्टी असतील तर त्यांचा एकच आडवा फराटा उमटतो. अंतर मात्र नीट कळतं, कारण ते लहर परत यायला लागलेल्या वेळावरून मोजलेलं असतं. आम्हा दर्यावर्दींना हे पहिल्या वर्षीच शिकवतात: रडारचं अंतर घ्या, दिशा शक्य तर डोळ्यांनी होकायंत्रावरून घ्या. दोन टोकांपासूनची दोन अंतरं घेऊन जहाजाची जागा काढायची, दिशेच्या नादी लागायचं नाही.

विमानाला असं भागत नाही. त्याला आडव्या अंगानेही बारीक बघायचं असतं. अँटेना मोठा करता येत नाही, म्हणून युक्ती केली. कार्ल वायली या अमेरिकन अभियंत्याला ती 1951 मध्ये सुचली. तेव्हा तो गुडइयरच्या विमान कंपनीत होता. विमान पुढे जात असतं, त्यामुळे परत येणाऱ्या लहरीची वारंवारता थोडी वाढते. अगदी समोरच्या वस्तूसाठी सगळ्यात जास्त, बाजूच्या वस्तूसाठी कमी, काटकोनात शून्य. म्हणजे एकाच झोताच्या डाव्या आणि उजव्या काठावरच्या वस्तूंचे प्रतिध्वनी किंचित वेगळ्या सुरात परत येतात. ते सूर वेगळे काढले की झोताचे बारीक काप करता येतात. हॉर्नेटमध्ये यासाठी एकाहून एक बारीक असे तीन टप्पे आहेत. ते लावले की फराट्याच्या जागी रस्ते, धक्के आणि टाक्यांच्या रांगा हळूहळू उमटायला लागतात. सगळ्यात बारीक चित्राला वेळ लागतो, कारण तेवढी माहिती गोळा व्हावी लागते.

आणि हे चित्र नाकासमोर मिळत नाही. याचा हिशेब मी कागदावर मांडला, कारण मांडल्याशिवाय पटेना. विमानाचा वेग 450 नॉट, लहर तीन सेंटिमीटर. सरळ समोरून येणाऱ्या प्रतिध्वनीची वारंवारता साधारण 15,400 हर्ट्झने वाढलेली असते. तीन अंशांचा झोत 30 अंश बाजूला वळवला तर त्याच्या दोन काठांमध्ये जवळजवळ 400 हर्ट्झचा फरक पडतो. तेवढ्यात पुष्कळ काप बसतात. तोच झोत बरोबर नाकासमोर ठेवला तर मध्य आणि काठ यांच्यातला फरक फक्त पाचेक हर्ट्झचा. शिवाय डावा काठ आणि उजवा काठ यांचा सूर एकच, म्हणजे वस्तू डावीकडे आहे की उजवीकडे तेही कळणार नाही. जिथे जायचंय तिथे नाक धरून निघालात, तर नेमकं तेच पुसट होतं.

कागदावर हे चार ओळींत संपलं. हाताला ते पटायला फार वेळ लागला, कारण नाकासमोर जाणं हा आम्हा लोकांचा स्वभाव. जहाजाचं टोक ठरलेल्या दिशेवर अर्ध्या अंशात ठेवणं याचाच तर पगार मिळायचा. इथे इराणच्या बंदर अब्बासच्या किनाऱ्यावरच्या टाक्या हव्या असतील तर त्यांच्याकडे वीस-तीस अंश तिरकं जायचं, त्यांना खांद्यावर ठेवायचं, चित्र बनू द्यायचं, कर्सर नेऊन जागा पक्की करायची, आणि मगच नाक वळवायचं. वळलं की चित्र गेलं. पुढे सगळं विमानाच्या स्मरणावर. चित्र गोठवून ठेवायचं एक बटण आहे. ते दाबलं की रडार लहरी सोडणं थांबवतं, म्हणजे शत्रूला चाहूल लागत नाही, आणि आपण निवांत त्या जुन्या चित्रात बघत बसायचं. ब्रिजवर धुक्यात कोणी रडार गोठवलं असतं तर कॅप्टनने त्याला तिथेच खाली उतरवलं असतं.

ही विद्या शिकवायची कशी, हा प्रश्न जुना आहे. ब्रिटिशांनी एच2एस हे जमीन बघणारं रडार बॉम्बफेकी विमानांच्या पोटाखाली बसवलं आणि 30 जानेवारी 1943 च्या रात्री हॅम्बर्गवर पहिल्यांदा वापरलं. हॅम्बर्ग रडारवर ओळखू येतं ते एल्ब नदीमुळे. काळं पाणी आणि उजळ गोदी यांची सीमारेषा इतकी ठसठशीत की शिकाऊ माणूसही चुकणार नाही. बर्लिनला अशी रेषा नाही. नुसतं अवाढव्य उजळ पसरलेलं, कुठून आत शिरलो आणि कुठे आहोत ते समजत नसे. नव्या ऑपरेटरांना तयार करण्यासाठी त्या काळात पाण्याची टाकी वापरत. तळाशी त्या प्रदेशाची छोटी प्रतिकृती, वर पाण्यात श्राव्य मर्यादेपलीकडचा आवाज सोडणारा स्फटिक, आणि त्याचे प्रतिध्वनी रडारच्या पडद्यावर. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, रेडिओलहर त्याच्या दोन लाख पट. म्हणून प्रतिकृतीही दोन लाखपट लहान केली की सगळा हिशेब जुळतो. विमान जमिनीवरून न हलवता ऑपरेटर टाकीतल्या जर्मनीवरून उडून येई. आजच्या घरगुती सिम्युलेटरचे पणजोबा ते हेच, आणि डोक्याने ते जरा जास्तच तल्लख होते असं मला वाटतं.

त्या ऑपरेटरांचं खरं काम उड्डाणाआधीच व्हायचं. नकाशा बघून, कुठल्या बाजूने येणार ते धरून, पडद्यावर काय दिसेल याचा अंदाज बांधायचा. मीही त्याच वळणावर आलो. आता मी आधी कागद घेतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीतलं केश्म बेट लांबोळकं, शंभर किलोमीटरहून मोठं. त्याच्या पूर्व टोकाशी होर्मुझ बेट, गोलसर. दक्षिणेला लारक. हे तीन आकार सापडले की बाकीचं त्यांच्यापासून मोजायचं. टाक्या स्वतः ओळखू येवोत न येवोत, त्या अमुक टोकापासून अमुक दिशेला इतक्या मैलांवर आहेत हे माहीत असतं. पाण्याखालचा खडक रडारवर दिसत नाही, पण जवळचा सुळका दिसतो. त्या सुळक्यापासून अंतर राखून आम्ही खडक चुकवायचो. बॉम्बफेकी विमानांतले लोक त्याच पद्धतीने न दिसणाऱ्या जागेवर पोचायचे. आम्ही चुकवण्यासाठी, ते गाठण्यासाठी. भूमिती एकच.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे. हॉर्नेटच्या रडारला समुद्रावरची जहाजं शोधायची वेगळी रीत आहे. ती लावली की लाटांचा गोंगाट पुसला जातो आणि काळ्या पडद्यावर फक्त जहाजांच्या उजळ खुणा राहतात. भाच्याला हे फार आवडतं, कारण इथून पुढे हार्पून क्षेपणास्त्र सोडायचं असतं. माझा हात तिथे थबकतो. माझ्या जहाजावर शेवटच्या वर्षांत रडारच्या ठिपक्याशेजारी नाव यायचं, झेंडा यायचा, कुठे निघालं तेही यायचं. 2004 पासून मोठ्या जहाजांना तशी खूण रेडिओवर सोडत राहणं बंधनकारक झालं. या पडद्यावर तसलं काही नाही. सव्वातीनशे मीटरचा तेलवाहू टँकर आणि युद्धनौका यांच्यात फरक एवढाच की टँकरची खूण कदाचित जास्त ठळक असेल. त्या खुणेच्या आत वीस-पंचवीस माणसं असतात. कोणी इंजिनरूममध्ये, कोणी गॅलीत, एखादा पोऱ्या ब्रिजवर माझ्यासारखाच दुसऱ्या पडद्याकडे बघत.

ऐंशीच्या दशकात इराण-इराक युद्धात याच पाण्यात टँकरवर हल्ले झाले. त्या काळात जहाजावर असलेले जुने खलाशी आम्हाला त्या गोष्टी सांगत, आणि सांगताना आवाज खाली आणत. 17 मे 1987 रोजी एका इराकी विमानाने दोन एक्सोसेट क्षेपणास्त्रं सोडली आणि ती अमेरिकेच्या ‘स्टार्क’ या युद्धनौकेवर जाऊन आदळली. 37 नाविक मेले. इराकने माफी मागितली आणि सांगितलं की वैमानिकाने तिला इराणी टँकर समजलं. हे स्पष्टीकरण खरं होतं की नाही यावर लोक वाद घालतात. रडारसमोर बसलेला माणूस म्हणून मला ते अशक्य वाटत नाही. पण “टँकर समजलं” हे सांगून सुटका होते असं ज्यांना वाटलं, त्यांनी टँकरवर कधी पाऊल ठेवलं नसणार.

म्हणून आमच्या घरात एक तह झाला आहे. जहाजं मी शोधतो, ओळखतो, त्यांचा मार्ग आणि वेग काढतो. पुढचं काम भाच्याचं, तेही मी चहा टाकायला उठल्यावर. तो हसतो. हसू दे.

ज्यांना हे रडार शिकायचं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. होर्मुझपासून सुरुवात करू नका, तो नकाशा विकत घ्यावा लागतो. सिम्युलेटरसोबत कॉकेशसचा नकाशा फुकट येतो, त्यात जॉर्जियाचा किनारा आहे. पोटी बंदर घ्या. पश्चिमेला काळा समुद्र, रिओनी नदीचं मुख, आणि शहराच्या दक्षिणेला पालियास्तोमी तलाव, समुद्रापासून जमिनीच्या अरुंद पट्टीने वेगळा झालेला. रडारवर काळं, मग उजळ रेघ, मग पुन्हा काळं. ही जागा एकदा डोळ्यांत बसली की हरवत नाही. रडार लावण्याआधी कागदावर तिचं चित्र काढा, मग बंदराला डाव्या किंवा उजव्या खांद्यावर ठेवून जा. फुकट मिळणाऱ्या सुखोई-25टी विमानात असलं रडार नाही. हॉर्नेट विकत घ्यावं लागतं, पण पैसे देण्याआधी ते काही दिवस फुकट वापरून बघायची सोय आहे. किनारा ओळखता येतो की नाही, हे समजायला तेवढे दिवस पुरतात.